तीच बाटली परत देण्याआधी : सीमाभागातल्या औषध दुकानदारांना खुलं पत्र

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी तालुक्यांतल्या सर्व औषध दुकानदार बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आंब्याला मोहर आला, काजू फुलला, की दरवर्षी माझ्या वर्गातली काही मुलं डोळे चोळायला लागतात. बहुतेक मुलगेच. मुठीने, बोटांच्या पेरांनी, शर्टाच्या बाहीने दिवसभर चोळत असतात. खिडकीजवळच्या बाकावर बसायला नको म्हणतात, कारण उजेड सोसत नाही. प्रार्थनेला उन्हात उभं केलं की डोळे मिटूनच प्रार्थना म्हणतात. डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरी चिकट तार निघते, ती बोटाने ओढून काढतात आणि पुन्हा चोळतात. आईवडिलांना विचारलं की बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं : "मेडिकलमधनं औषध आणलंय की बाई, थेंब घातला की थांबतंय."

त्या थेंबाबद्दल हे पत्र आहे. तुमच्यापैकी काही जणांना मी स्वतः भेटून बोलले. कुणी नीट ऐकून घेतलं, कुणी "बघू" म्हणाले, एकाने खरं ते सांगितलं, "बाई, चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातंय." यंदाचा मोहर आला आणि काउंटरवरचा व्यवहार आहे तसाच चालू आहे. म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहायचं ठरवलं.

यात माझं काय गुंतलंय ते आधी सांगते. माझा भाचा पाचवीत आहे. पहिलीत असल्यापासून त्याला उन्हाळ्यात डोळ्यांची खाज. भावाने त्याला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पापणी उलटून तपासलं, ॲलर्जी आहे म्हणाले आणि दोन औषधं दिली. एक पूर्ण हंगामभर रोज घालायचं. दुसरं स्टिरॉइडचं, थोडे दिवस, कमी करत करत बंद करायचं आणि परत दाखवायला यायचं. औषध चांगलं लागू पडलं. पोरगं दोन दिवसांत डोळे उघडून खेळायला लागलं.

पुढच्या वर्षी खाज परत आली. भावाने कोनाड्यात ठेवलेली रिकामी बाटली खिशात घातली आणि बाजाराच्या दिवशी एका दुकानात दाखवली. तिच्याच नावाची नवी बाटली मिळाली. चिठ्ठी मागितली नाही, कुणासाठी हवी, किती दिवस घालताय, हे विचारलं नाही. दोन बाटल्यांपैकी त्याने स्टिरॉइडचीच जपून ठेवली होती, कारण गुण तिनेच लगेच आला होता. मग ती बाटली घरातलीच झाली. संपली की आणायची. दोन वर्षांहून जास्त काळ हे चाललं. दुकानं बदलली, बाटली बदलली नाही.

या सगळ्या काळात मुलाचे डोळे पांढरे स्वच्छ दिसत होते. खाज नाही, लाली नाही, तक्रार नाही. पहिली शंका आली ती जेवताना. डाव्या बाजूला ठेवलेला तांब्या त्याचा हात लागून लवंडायचा. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजच व्हायला लागलं. क्रिकेट खेळताना डावीकडून आलेला चेंडू त्याला अंगावर आल्यावर कळायचा. मिरजेला नेलं. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर (पाऱ्याच्या मापात) असावा लागतो. त्याचा चाळिशीच्या आसपास होता. डाव्या डोळ्याची नस बरीच सुकली होती, उजव्याची सुकायला लागली होती. स्टिरॉइडमुळे झालेला काचबिंदू. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. आता दाब आटोक्यात आहे, पण गेलेली नजर परत येत नाही. हे डॉक्टरांनी त्या पोराच्या समोरच सांगितलं आणि त्याने विचारलं, "म्हणजे मोठा झाल्यावर पण नाही?"

दुकानदार बंधूंनो, डोळ्यांच्या खाजेच्या या मूळ आजाराचं दुःख असं, की तो बहुतेक मुलांचा वयात येताना आपोआप ओसरतो. व्हर्नल केराटोकॉन्जंक्टिव्हायटिस हे त्याचं लांबलचक नाव. जुने डॉक्टर 'स्प्रिंग कॅटार' म्हणतात. चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलांना होतो, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. धूळ, परागकण, अंथरुणातले न दिसणारे किडे, ऊन आणि गरम वारा यांनी तो चाळवतो. आपल्या भागात कशाची कमी आहे? रस्त्याकडेला काँग्रेस गवत माजलेलं असतं, मळणीच्या दिवसांत भाताची कुसळं उडतात, वीटभट्टीचा धुरळा, निपाणीकडे तंबाखूची भुकटी. पापणी उलटली तर आत बारीक खडी पसरल्यासारखे उंचवटे दिसतात. ते पापणी मिटताना बुबुळावर घासतात आणि आजार बळावला तर बुबुळावर जखमही होते. सतत चोळून चोळून बुबुळाचा आकार टोकदार होत जाण्याचा धोका असतो, तो वेगळाच. तेव्हा हा आजार किरकोळ आहे, औषध घालू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. मुलाला औषध हवंच. पण इथे औषधाचं काम, मूल मोठं होऊन आजार ओसरेपर्यंत त्याची नजर सांभाळायची, हे आहे. माझ्या भाच्याची ॲलर्जी आणखी काही वर्षांत जाईल. काचबिंदू जन्मभर राहील.

आणि औषधं आहेत. ऑलोपॅटाडिनचे, केटोटिफेनचे थेंब आहेत. ते खाज आणणाऱ्या हिस्टामिनला अडवतात आणि ते ज्या पेशींतून बाहेर पडतं त्यांनाही शांत ठेवतात. दिवसातून एकदा किंवा दोनदा घालायचे, महिनोन् महिने घातले तरी दाब वाढवत नाहीत. सोडियम क्रोमोग्लायकेट जुनं आणि निर्धोक आहे, पण ते दिवसातून चार वेळा घालावं लागतं आणि गुण यायला एक-दोन आठवडे जातात, म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधीपासून सुरू करावं लागतं. अश्रूंसारखे साधे थेंब डोळ्यातले परागकण धुऊन काढतात. थंड पाण्याची पट्टी ठेवली तर खाज बरीच कमी होते, तिला पैसे लागत नाहीत. आजार जास्तच असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचं मलम असतं. ते महाग पडतं, सुरुवातीला झोंबतं, पण स्टिरॉइडची गरज कमी करतं.

स्टिरॉइडही त्यात आहे आणि त्याचीही जागा आहे. बुबुळावर जखम होण्याची वेळ आली, मुलाला डोळेच उघडवेनात, तेव्हा डॉक्टर ते थोडे दिवस देतात आणि दाब मोजत राहतात. त्या वेळी ते डोळा वाचवतं. म्हणून मी कुणाला स्टिरॉइडची भीती घालत नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध घाबरून मध्येच बंद करणंही तितकंच वाईट. माझं म्हणणं मोजमाप न ठेवता, कुणाची नजर नसताना, महिनोन् महिने ते घालण्याबद्दल आहे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांचे थेंब चार-सहा आठवडे सलग घातले तर साधारण तीन माणसांतल्या एकाचा डोळ्यातला दाब वाढतो आणि शंभरात पाच जणांचा तो फारच वाढतो. लहान मुलांत तो आणखी लवकर चढू शकतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. मोठ्या माणसाला निदान कडेचं दिसत नाही हे केव्हातरी जाणवतं. लहान मुलाला सगळ्यांना असंच दिसतं असं वाटतं. याशिवाय मोतीबिंदू होतो, तोही शाळेच्या वयात.

आता माझ्या तक्रारी. रागावून लिहीत नाही, पण आडपडदाही ठेवत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार रिकाम्या बाटलीची आहे. रिकामी बाटली ही चिठ्ठी नव्हे. मोबाइलवरचा फोटो ही चिठ्ठी नव्हे. डोळ्यांचे स्टिरॉइड थेंब शेड्यूल एच मध्ये मोडतात, रजिस्टर्ड डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत हे खोक्यावरच छापलेलं असतं. इतकंच नाही, १९४५ च्या औषध नियमांत असंही आहे की एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं; पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरने तसं लिहिलेलं पाहिजे. हा नियम तुम्ही माझ्याआधी शिकलात. तो का केला असेल, ते माझ्या भाच्याकडे बघितलं की कळतं.

दुसरं, लाल डोळा दिसला की एकच मिश्रण हातात ठेवायची पद्धत. प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकाच बाटलीत असलेले थेंब : क्लोरॅम्फेनिकॉल-डेक्सामेथासोन, सिप्रोफ्लॉक्सासिन-डेक्सामेथासोन, मॉक्सिफ्लॉक्सासिन-डेक्सामेथासोन. गिऱ्हाईक म्हणतं, "डोळं लाल झाल्यात, काय तर द्या की," आणि यातलं एक दिलं जातं. ॲलर्जीत जंतू नसतात, तिथे प्रतिजैविकाचं काही काम नाही. डोळे आले असतील तर ते बहुतेक वेळा विषाणूमुळे, तिथेही त्याचं काम नाही. आणि बुबुळाला विषाणूची किंवा बुरशीची लागण असेल तर स्टिरॉइड ती वाढवतं. उसाचं पातं, भाताचं कुसळ डोळ्याला लागून बुरशीची लागण होणं शेतकऱ्यांच्या गावात नवल नाही. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे डोळ्यांची साथ आली होती, आठवत असेल. त्या साथीत घरोघरी आलेल्या बाटल्या साथ संपल्यावर फेकल्या गेल्या नाहीत. पालकसभेला मी घरातले डोळ्यांचे थेंब घेऊन या म्हणून सांगितलं, तेव्हा टेबलावर त्या बाटल्या येऊन पडल्या. मळकट टोपणं, पुसलेली अक्षरं, खोकं एकाचंही नाही. एक आजी पदराच्या गाठीत बाटली घेऊन आल्या होत्या. त्यांचं मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचं औषध, तेच नातवाला घालत होत्या.

खोकं काढून नुसती बाटली देणं, बिल न देणं, हे लहान वाटतं, पण त्याने मोठं नुकसान होतं. बाटली उघडल्यापासून बहुतेक थेंब महिन्याभरात टाकून द्यायचे असतात. ही साधी गोष्ट आमच्या पालकसभेत कुणालाच माहीत नव्हती, कारण कुणी सांगितलीच नाही. डोळे 'पांढरे करणाऱ्या' नॅफाझोलिनच्या थेंबांचंही तसंच. ते रक्तवाहिन्या आवळतात म्हणून लाली जाते, पण रोज घातले की लाली दुप्पट उलटते. ते चुकून लहान मुलाच्या पोटात गेले तर मूल गुंगीत जातं, श्वास मंदावू शकतो. असे थेंब मी शाळेच्या दप्तरात पाहिले आहेत.

आणि एक. दुपारी-संध्याकाळी गर्दीच्या वेळी काउंटरवर बऱ्याचदा मदतनीस पोरगा असतो, ज्यांच्या नावाचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे ते नसतात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये औषध देताना रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. ते काम मदतनिसाच्या पगारात बसत नाही.

तुमची अडचण मला कळत नाही असं समजू नका. आमच्या गावांतून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो, बसभाडं लागतं, वर तपासणीची फी. पलीकडे कोल्हापूर-मिरज, अलीकडे बेळगाव-हुबळी. रात्री-अपरात्री आमच्यासाठी दार उघडणारे तुम्हीच असता. उधारीवर औषध देणारे तुम्हीच. कोरोनाच्या टाळेबंदीत सगळं बंद असताना तुमची दुकानं उघडी होती, ते आम्ही विसरलेलो नाही. लोक डॉक्टरांआधी तुम्हाला विचारतात, कारण त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे. आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला आहे, दुसऱ्या कुणाला नाही. डॉक्टरांना वाटतं मूल परत आलं नाही म्हणजे बरं झालं. शाळेत आम्हाला डोळे पांढरे दिसतात. तीच बाटली मागायला पुन्हा पुन्हा येणारा माणूस फक्त तुम्हालाच दिसतो. त्याला थांबवू शकेल असं त्या वाटेवर दुसरं कुणी नाही.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

डोळ्यांचा कुठलाही स्टिरॉइड थेंब ताज्या, तारीख घातलेल्या चिठ्ठीशिवाय देऊ नका. मग तो एकटा असो की मिश्रणातला, ओळखीचं गिऱ्हाईक असो की नातेवाईक. एका चिठ्ठीवर एकदाच. मुलासाठी दुसऱ्यांदा मागितला तर "डोळ्यातला दाब कधी तपासला?" हा एक प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर बाटली देऊ नका, डॉक्टरांकडे पाठवा.

हे एकट्या दुकानदाराला जमणार नाही, याची मला कल्पना आहे. एकाने नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाणार, हे त्या दुकानदाराचं म्हणणं खरंच आहे. म्हणून हा निर्णय बाजारपेठेतल्या सगळ्या दुकानांनी मिळून घ्यायला हवा. तुमच्या तालुक्या-तालुक्यांत संघटना आहेत. त्यांनी ठराव करावा आणि तो प्रत्येक दुकानात लावावा. सगळीकडे एकच उत्तर मिळालं की पालकही चार दिवस कुरकुर करून सरळ डॉक्टरांकडे जातील.

देताना खोक्यासकट द्या, बिलासकट द्या. खोक्यावर पेनाने मराठीत किंवा कन्नडमध्ये, घरच्यांना जे वाचता येतं त्यात, तीन गोष्टी लिहा : दिवसातून किती वेळा, कोणत्या तारखेला बंद, उघडल्याची तारीख. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, एका वेळी एकच थेंब पुरतो, जास्तीचा गालावरून वाहून जातो, हे तोंडी सांगा. मूल डोळे उघडत नसेल तर आडवं झोपवून मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि मग डोळा उघडायला सांगायचं. ही युक्ती सांगायला अर्धा मिनिट लागतो, आणि आयांची रोजची झटापट वाचते.

चिठ्ठी नसलेलं, डोळे चोळणारं मूल समोर उभं असेल तर थंड पट्टी सांगा, अश्रूंसारखे साधे थेंब द्या आणि डॉक्टरांकडे पाठवा. दुखतंय, उजेडात डोळाच उघडत नाही, बुबुळावर पांढरा डाग दिसतोय, अंधुक दिसतंय, यातलं काहीही असेल तर "आजच जा" असं सांगा. उद्यावर ढकलू देऊ नका.

ज्या घरात वर्षानुवर्षं हे थेंब चालू आहेत हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना बोलावून घ्या. आपणहून एकदम बंद करा असं सांगू नका, आजार उसळतो आणि लोक पुन्हा त्याच बाटलीकडे वळतात. दाब तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करायला सांगा. ही यादी तुमच्या डोक्यात आहे, मला ठाऊक आहे. छोट्या गावात कोण काय नेतं ते दुकानदाराला पाठ असतं.

आरोग्य खात्याकडे माझं वेगळं मागणं आहे : प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲलर्जीचे निर्धोक थेंब हंगामाआधी पोचावेत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने चष्म्याच्या तपासणीबरोबर "डोळ्यात काय घालतोस?" हेही विचारावं. ते पत्र स्वतंत्रपणे पाठवत आहे. पण खात्याचं उत्तर येईपर्यंत थांबायची तुम्हाला गरज नाही. वर लिहिलेल्यातल्या एकाही गोष्टीला सरकारी आदेश लागत नाही, पैसाही लागत नाही.

गुढीपाडव्याच्या आत आपापल्या तालुक्यात बैठक घ्यावी, ही विनंती. बोलावलंत तर मी येईन, भावालाही आणीन. तो चार शब्द सांगायला तयार आहे. दुकानात लावायच्या फलकाचा मराठी मजकूर मी लिहिला आहे. शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाई त्याचा कन्नड मजकूर करून देणार आहेत. छपाईचा खर्च आमचे पालक उचलतील. किती दुकानांसाठी प्रती लागतील तेवढं संघटनेने शाळेला कळवावं.

आपली,
एक शिक्षिका, खानापूर तालुका